आधी पाणी तपासा, रक्ताचे नंतर पाहू

बायोटेक्नॉलॉजी घेऊन बी.एस्सी. करणारी मुले-मुली आता आपल्या वस्त्यांतही दिसू लागली आहेत. बाप रंगकामाला जातो, आई चार घरची धुणीभांडी करते आणि मुलगी पांढरा एप्रन पिशवीत घालून कॉलेजची बस पकडते. शेवटच्या वर्षी या मुलांना एक संशोधन प्रकल्प करावा लागतो. घरात तो ‘प्रोजेक्ट’ म्हणूनच पोचतो, आणि पालकांना त्यातले एवढेच कळते की कॉलेजने काहीतरी सांगितले आहे आणि त्याला पैसे लागणार आहेत. आरोग्याच्या पानावर आम्ही हा विषय मुद्दाम घेतो आहोत. आपल्या वस्तीच्या आरोग्याचे कितीतरी प्रश्न असे आहेत की ते कोणी बाहेरचा येऊन सोडवणार नाही, पण आपल्याच घरातली एकवीस वर्षांची मुलगी त्यातल्या एकाला हात घालू शकते. तिने विषय काय निवडावा, याविषयी आमचे एक स्पष्ट मत आहे.

आधी जे चालले आहे ते पाहू. शहरात जागोजाग ‘प्रोजेक्ट करून मिळेल’ असे सांगणाऱ्या खासगी लॅब आहेत. हजारो रुपये घेऊन महिनाभर मुलांना उभे करतात, मशीन दाखवतात, आणि शेवटी छापील, बाइंडिंग केलेले पुस्तक हातात देतात. आतला मजकूर मागच्या वर्षीचाच असतो, नाव फक्त बदललेले. शिष्यवृत्तीचा हप्ता वेळेवर येत नाही म्हणून परीक्षेची फी उसनवारीने भरणाऱ्या घराने त्यात हे पैसे घालायचे. पुढे एम.एस्सी.च्या मुलाखतीत सर विचारतात, “हे तापमान का निवडले?” आणि मुलगा गप्प बसतो. पैसे गेले, वर्ष गेले आणि वर मान खाली घालावी लागली. आम्ही स्पष्ट सांगतो, विकत घेतलेला प्रोजेक्ट ही आपल्या मुलांची फसवणूक आहे, आणि ज्या कॉलेजातून मुलांना अशा लॅबकडे पाठवले जाते त्यांनाही याचा जाब विचारला पाहिजे. तीन वर्षांची फी घेणाऱ्या कॉलेजकडे एक इन्क्युबेटर आणि एक ऑटोक्लेव्ह असायलाच हवा.

दुसरा प्रकार कडुनिंब-तुळशीचा. पाल्याचा अर्क काढायचा, बॅक्टेरिया वाढवलेल्या प्लेटमध्ये भोक पाडून तो घालायचा आणि दुसऱ्या दिवशी भोकाभोवती किती मिलिमीटर जागा मोकळी झाली ते पट्टीने मोजायचे. हा प्रयोग वाईट नाही. हात बसायला चांगला आहे. पण तो इतक्या वेळा झाला आहे की त्यातून नवे काही कळत नाही, आणि पुष्कळदा तो नीटही होत नाही. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला असतो आणि नुसते अल्कोहोल घातलेली तुलनेची प्लेट ठेवलेलीच नसते. मग जंतू कडुनिंबाने मेले की अल्कोहोलने, हे कोण सांगणार? कालाम सुत्तात भगवंतांनी कालामांना सांगितले ते हेच, की परंपरेने चालत आले म्हणून किंवा मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, पडताळून पाहा. विज्ञानात या पडताळ्यालाच ‘कंट्रोल’ म्हणतात. ज्या घरात रोज त्रिसरण-पंचशील होते, त्या घरातल्या विद्यार्थ्याला ही कल्पना परकी वाटायला नको.

मग विषय कुठून आणायचा? बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना 9 मे 1916 रोजी त्यांनी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये एक निबंध वाचला. विषय होता भारतातील जाती, त्यांची उत्पत्ती आणि यंत्रणा. वय पंचवीस. न्यूयॉर्कमध्ये बसून ते तिथल्या एखाद्या चलतीच्या विषयावर लिहू शकले असते. त्यांनी आपल्याच माणसांच्या आयुष्याला ग्रासणारा प्रश्न घेतला आणि तो परदेशी प्राध्यापकांच्या कसोटीवर उतरेल अशा शिस्तीने मांडला. आम्हाला यात दोन गोष्टी दिसतात, प्रश्न आपला आणि शिस्त शास्त्राची. नुसता प्रश्न आपला असून भागत नाही, हेही तितकेच खरे.

आमच्या मते पदवीच्या विद्यार्थ्यासाठी सगळ्यात चांगला विषय वस्तीच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. कारण साधे आहे. पाण्याच्या तपासणीला लागणारे जवळपास सगळे सामान सूक्ष्मजीवशास्त्राच्या साध्या लॅबमध्ये असते, नमुना घेताना कोणाला सुई टोचावी लागत नाही, उत्तर दोन-तीन दिवसांत मिळते आणि ते उत्तर वस्तीच्या कामाचे असते. दर पावसाळ्यात गॅस्ट्रोची साथ येते, लहान मुले जुलाबाने गळून जातात, सलाइनला पैसे जातात. नगरपालिकेचा माणूस म्हणतो पाणी आमच्याकडून शुद्धच निघते, तुमच्या भांड्यांत घाण आहे. वस्ती म्हणते नळालाच गढूळ येते. खरे कोणाचे? हा भांडणाचा विषय राहू नये, तपासणीचा व्हावा.

पाणी पिण्यायोग्य आहे की नाही याचे भारतीय मानक आहे, आयएस 10500, सन 2012 चे. त्यानुसार 100 मिलिलीटर पाण्यात ई. कोलाय हा जंतू अजिबात सापडता कामा नये. हा जंतू माणसाच्या आणि जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात सापडला याचा अर्थ विष्ठा कुठूनतरी पाण्यात मिसळली. नळाला येणाऱ्या पाण्यात उरलेला क्लोरीन लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावा, असेही मानक सांगते. आता आपल्या वस्तीचा नळ पाहा. पाणी दिवसातून तासभर येते, बाकी वेळ पाइप रिकामा. पाइपात दाब नसला की शेजारच्या गटाराचे पाणी फुटक्या जोडातून आत शिरते आणि नळ सुटल्यावर पहिल्या धारेबरोबर घरात येते. मग हंडा, मग ड्रम, मग त्यात हात घालून बुडवलेला पेला. घाण शिरायला जागा अनेक आहेत, आणि नेमकी कोणती हे शोधणे हाच प्रोजेक्ट.

एका विद्यार्थिनीला हे कसे करता येईल? वस्तीतले दहा नळ ठरवायचे. प्रत्येक नळाचे पाणी सुटल्याबरोबरचा एक नमुना, दहा मिनिटांनंतरचा दुसरा, आणि त्याच घरात साठवलेल्या पाण्याचा संध्याकाळचा तिसरा. बाटली निर्जंतुक हवी आणि तिच्यात थोडे सोडियम थायोसल्फेट हवे, नाहीतर वाटेत क्लोरीन जंतूंना मारत राहतो आणि पाणी आहे त्यापेक्षा चांगले दिसते. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये पोचवायचे. मॅक्काँकी ब्रॉथच्या नळ्यांत पाणी घालून इन्क्युबेटरमध्ये ठेवले की आतल्या उलट्या छोट्या नळीत वायू जमतो का ते पाहायचे, कोष्टकावरून जंतूंची संभाव्य संख्या काढायची. पुढे ईएमबी प्लेटवर ई. कोलाय हिरव्या धातूसारखी चमक देतो, ती एकदा पाहिली की विद्यार्थी विसरत नाही. शक्य असेल तर हाच क्रम पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. बस. पहिल्या धारेत जंतू आणि दहा मिनिटांनंतर नाहीत, तर दोष पाइपाचा. नळाला स्वच्छ आणि ड्रममध्ये घाण, तर आपल्या साठवणीचा. उत्तर आपल्याविरुद्ध गेले तरी ते तसेच लिहायचे. ड्रमला तोटी बसवणे किंवा लांब दांड्याचे ओगराळे वापरणे हा उपाय तर आपल्या हातात आहे.

याच्याच आजूबाजूला आणखी विषय आहेत. 1982 साली ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी एक साधी बाटली तयार केली. तिच्यात पाणी भरून उबेला ठेवले आणि ते काळे पडले तर पाण्यात विष्ठेतून आलेले जंतू असण्याची शक्यता असते. ती लॅबशिवायही वापरता येते. तिचे उत्तर आणि नळ्यांच्या चाचणीचे उत्तर आपल्या वस्तीच्या पाण्यावर किती जुळते, हा चांगला प्रश्न आहे. गावाकडच्यांसाठी टीसीएल पावडर घ्या. ताज्या ब्लिचिंग पावडरमध्ये तेहेतीस टक्क्यांच्या आसपास उपयोगी क्लोरीन असतो, पण पोते उघडे राहिले, ओल लागली, की तो उडून जातो. विहिरीत पावडर पडली याची नोंद होते, ती पावडर जिवंत होती का याची होत नाही. पोते उघडल्यापासून दर आठवड्याला तिची ताकद मोजा. साध्या टायट्रेशनने होते.

पाण्याच्या विषयाला आपल्याकडे आणखी एक बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. 20 मार्च 1927 ला महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या घागरी ओतून ते तळे ‘शुद्ध’ केले. कोणत्याही मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्याला विचारा, पाण्यात कोलिफॉर्म जंतू कुठून येतात म्हणून. तळे नेमके कोणी नासवले, याचे उत्तर तो पहिल्याच प्रॅक्टिकलला देईल.

आता रक्ताकडे येऊ, कारण आमचे मतभेद इथेच होतात. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेलचा प्रश्न मोठा आहे. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडची बौद्ध आणि आदिवासी घरे ‘एएस पॅटर्न’, ‘एसएस पॅटर्न’ हे शब्द रेशनकार्डासारखे वापरतात. त्यामुळे बायोटेकचा विद्यार्थी उत्साहाने म्हणतो, मी विहारात शिबिर लावतो, शंभर जणांचे रक्त घेतो, वस्तीत किती टक्के आहे ते काढतो. आई-वडिलांना अभिमान वाटतो, विहार समिती हॉल देते. आमचे म्हणणे आहे, हे करू नका.

सिकलसेल म्हणजे काय हे थोडक्यात सांगतो म्हणजे विरोध का ते कळेल. रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटॅमिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. आई आणि वडील दोघांकडून तो आला तर एसएस, म्हणजे आजार. एकाकडूनच आला तर एएस, म्हणजे वाहक. वाहक आजारी नसतो, कामधंदा करतो, त्याला उपचार लागत नाहीत. दोन्ही वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मूल होण्याची शक्यता चारात एक असते. ‘प्रत्येक’ या शब्दावर आम्ही जोर देतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली, असे नसते. वाहकाने एए असलेल्या जोडीदाराशी लग्न केले तर मुलांना हा आजार होत नाही. आणि हा दोष कोणत्या जातीच्या रक्तातला किंवा मागच्या जन्माच्या कर्माचा नाही. मलेरियाच्या प्रदेशात वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते, हे 1954 मध्ये अँथनी ॲलिसन यांनी आफ्रिकेतल्या अभ्यासातून दाखवले. म्हणून हा जनुक आफ्रिकेत, अरबस्तानात, भूमध्य समुद्राच्या काठीही आहे.

हे सगळे कागदावर ठीक. पण वस्तीत कोणाचा रिपोर्ट काय आला हे संध्याकाळपर्यंत नळावर कळते. मुलगी एएस निघाली की स्थळे परत जातात. मुलगा एएस निघाला तर मात्र ‘त्यात काय एवढे’. सून एएस असेल तर सासू तिला बोल लावते, आपल्या मुलाची तपासणी न करताच. ज्या विद्यार्थ्याला स्वतःला समुपदेशन कसे करायचे हे शिकवलेले नाही, त्याच्या वहीत शंभर शेजाऱ्यांचे असे रिपोर्ट असणे धोक्याचे आहे. शिवाय शिबिरात बहुधा सोल्युबिलिटी चाचणी होते. ती फक्त एस हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. एएस की एसएस हे तिला कळत नाही, त्याला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळात आणि नुकतेच रक्त चढवलेल्या माणसात ती फसूही शकते. म्हणजे अर्धवट उत्तर द्यायचे आणि पूर्ण भीती. तपासणी हवीच, पण ती सरकारचे काम आहे. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवलेले आहे. त्या तपासणीला आपल्या वस्तीतल्या लोकांना घेऊन जा. तिथे न्यायला विद्यार्थ्याइतका चांगला कार्यकर्ता नाही.

आमच्या विरोधाला आणखी एक कारण आहे. गरीब, दबलेल्या माणसांचे रक्त आणि मांस घेऊन इतरांनी मोठे होण्याचा इतिहास लांबचा आहे. बायोटेकच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हेला पेशी माहीत असतात. त्या हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या आहेत. 1951 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारांच्या वेळी त्या तिला न विचारता घेतल्या गेल्या. ती त्याच वर्षी वारली. तिच्या पेशी जगभर विकल्या गेल्या आणि घरच्यांना वीसेक वर्षे पत्ता नव्हता. ‘संमती’ या शब्दाची किंमत इथे कळते. आपला विद्यार्थी आपल्याच माणसांशी तसे वागणार नाही हे आम्ही जाणतो. पण ‘आपलाच पोरगा आहे, दे ना रक्त’ म्हणून मिळालेला हात ही संमती नव्हे. माणसांवरच्या संशोधनाला संस्थेच्या नैतिकता समितीची लेखी मंजुरी लागते, समजेल अशा भाषेत माहिती देऊन सही घ्यावी लागते, नाही म्हणण्याची मोकळीक द्यावी लागते. आयसीएमआरची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे हे सांगतात आणि ती बी.एस्सी.च्या प्रोजेक्टलाही लागू आहेत.

म्हणजे सिकलसेलवर काम करूच नये का? करावे, पण वस्तीतल्या हाताला सुई न लावता. सोल्युबिलिटी चाचणीत लागणारे सोडियम डायथायोनाइट हवेने आणि ओलीने लवकर निकामी होते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसवर जातो. फ्रिज नसलेल्या उपकेंद्रात ते द्रावण किती दिवस खरे उत्तर देते? फ्रिजमध्ये ठेवलेले आणि खोलीत ठेवलेले द्रावण शेजारी शेजारी घेऊन, रुग्णालयाच्या लॅबमध्ये तपासणीनंतर उरलेल्या, नावे काढून टाकलेल्या आणि निदान आधीच पक्के असलेल्या रक्तावर हे तपासता येईल. यालाही समितीची मंजुरी लागेल, गाइड रुग्णालयाशी बोलणारा हवा, आणि रक्त हाताळणाऱ्या विद्यार्थ्याने कावीळ बी ची लस आधी घेतलेली असावी. पण उत्तर निघाले तर ते थेट आरोग्यसेविकेच्या उपयोगाचे आहे. अमेरिकेत डिसेंबर 2023 मध्ये सिकलसेलवर जनुक कापून बदल करणाऱ्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली, त्याची किंमत रुग्णामागे 22 लाख डॉलर. वर्तमानपत्रात ते वाचून ‘आम्ही क्रिस्परवर प्रोजेक्ट करतो’ म्हणणारी मुले भेटतात. स्वप्न जरूर ठेवावे. पण चार महिन्यांत, कॉलेजच्या लॅबमध्ये, आपल्या हाताने पूर्ण होईल तेच निवडावे. अर्धवट क्रिस्परपेक्षा पूर्ण झालेली टीसीएल पावडर मुलाखतीत जास्त बोलते.

काही प्राध्यापक म्हणतात, पाण्याची तपासणी हे बायोटेक नव्हे, ते जुने मायक्रोबायोलॉजी. आम्हाला हा आक्षेप पटत नाही. सापडलेल्या ई. कोलायवर कोणती प्रतिजैविके चालतात, कोणती चालत नाहीत हे तपासले की तोच विषय आजच्या सगळ्यात मोठ्या प्रश्नापर्यंत जातो. आणि कॉलेजमध्ये पीसीआर असेल तर पुढची पायरीही मोकळी आहे. वाढवलेले जंतू मात्र नीट मारूनच टाकायचे, सिंकमध्ये ओतायचे नाहीत.

पालकांना विज्ञान येत नसेल तरी त्यांनी मुलांना विचारावे. तुझा प्रश्न काय आहे, मला एका वाक्यात सांग. तो तुला सांगता आला नाही तर विषय अजून ठरलेला नाही. कशाशी तुलना करणार आहेस? पैसे कशाला लागणार आहेत, यादी दाखव. उत्तर आले नाही, जंतू सापडलेच नाहीत, तर काय लिहिशील? शेवटच्या प्रश्नाला ‘आकडे बसवीन’ असे उत्तर आले तर तिथेच थांबवा. काही सापडले नाही हासुद्धा निकाल असतो. विहार समित्यांनाही आमची एक विनंती आहे. वस्तीत प्रोजेक्ट झाला की विद्यार्थ्याकडून मराठीत एक पान लिहून घ्या आणि ते फलकावर लावा, घरांची नावे न देता. नळाचा निकाल वाईट असेल तर तेच पान अर्जाला जोडून नगरपालिकेला द्या आणि पोच घ्या. तपासणीच्या आकड्यांसह आलेला अर्ज बाजूला टाकणे अधिकाऱ्याला सोपे जात नाही.

ज्यांना पुढे संशोधनातच जायचे आहे त्यांनी भारतातील तीन विज्ञान अकादमी मिळून देतात त्या उन्हाळी संशोधन शिष्यवृत्तीचा अर्जही करावा. दोन महिने मोठ्या संस्थेत काम करायला मिळते आणि उलट विद्यावेतन मिळते, लॅबला पैसे द्यावे लागत नाहीत. असा अर्ज भरताना स्वतःच्या हाताने केलेल्या कामाविषयी चार ओळी लिहिता आल्या तर त्या उपयोगी पडतात.

वेळेचे मात्र भान ठेवा. नैतिकता समितीची बैठक आपल्या सोयीने होत नाही, म्हणून रक्ताशी संबंध असलेला विषय असेल तर अर्ज दिवाळीच्या सुट्टीआधी गेला पाहिजे. पाण्याचा असेल तर त्याहून लवकर हलावे लागेल, कारण पावसाळ्यातला नमुना पावसाळ्यातच मिळतो. जानेवारीत बाटली घेऊन नळावर गेलात तर गॅस्ट्रोच्या दिवसांत काय येत होते ते कळायला पुढचा जून उजाडेल.